माझी बॅग निघाली की ह्यांची कंबर जाते

डोणगाव, ता. मेहकर
सोमवार, शाळेची मधली सुट्टी

तीर्थरूप अन्नपूर्णामावशीस,

शारदाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपलं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात मी सध्या कुणाच्या पाया पडायला वाकले की उठताना भिंत धरते. पण माझ्या कंबरेबद्दल या घरात बोलायचं नसतं, कारण कंबर हा विषय लग्नापासून ह्यांच्या मालकीचा आहे.) तुझा गुडघा आता कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की जन्मभर दुसऱ्यांना औषधं दिली म्हणून आता स्वतःला माफी? रेवतीला डिंकाचे लाडू पचतात का? आणि बाळ नक्की कुणावर गेलंय? अविनाश रोज फोनवर वेगळं सांगतो. काल म्हणाला, नाक आईचं आहे. आपल्या आईचं नाक त्या पोरीला खरंच मिळालं असेल तर पुढे तिच्याशी कुणी वाद घालू नये. इकडे सर्व खुशाल आहे, असं यानंतर लिहायचं असतं. ह्यांची कंबर गेली आहे.

फोन हातात असताना ही बया पत्र काय लिहीत बसली, असं तू म्हणशील. तर मावशी, हे कंबरेने आडवे असले तरी कानाने चांगले उभे आहेत. आमच्या तीन खोल्या, आणि ह्यांचा दिवाण मधल्या खोलीत. इकडून तिकडे जाणारा प्रत्येक शब्द त्यांच्या अंगावरून जातो. शिवाय तुला फोनवर कमी ऐकू येतं, मला ओरडावं लागतं, आणि जे लिहायचं आहे ते ओरडण्यासारखं नाही. म्हणून चौथीच्या वर्गात बसून निबंधाच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. भगवंतरावांची सून संजीवनी परवा दोन दिवसांसाठी शेगावला माहेरी चालली आहे, ती स्टँडवर अविनाशच्या हातात पाकीट देईल. (भगवंतराव म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. पुढे पत्रात ते येतीलच, ते सगळीकडे येतात. पाकीट मी गोंदाने चिकटवून वर दोन पिना मारल्या आहेत, कारण दुसऱ्याच्या टपालाबद्दलची त्यांची आस्था निवृत्तीनंतरही कमी झालेली नाही.)

पुढच्या मंगळवारच्या बारशाचं तुला मी काय सांगणार? अविनाशच्या लग्नानंतर अकरा वर्षांनी आपल्या घरात पाळणा टांगला जातोय. अविनाशला बहीण एकच, ती मी. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं आणि मग सगळ्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हा हक्क मी अकरा वर्षं राखून ठेवला आहे. नाव मी ठरवलं आहे, ते या पत्रात लिहिणार नाही. परवा अविनाश फोनवर चाचरत म्हणाला, ताई, तुला नाहीच जमलं तर रेवतीची एक चुलतबहीण आहे, ती सांगेल नाव. बिचारा चांगल्या मनाने म्हणाला. पण मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि ज्वारीच्या पिठात पाणी जास्त पडलं. मला जायचं आहे, मावशी. बाकी सगळं सोड, मला त्या मंगळवारी तिथे असायचं आहे.

आता काय घडलं ते ऐक. गेल्या गुरुवारी अविनाशने तारीख कळवली. मी स्टूल घेतलं, माळ्यावरची निळी बॅग काढली, तिची धूळ झटकली. हे खुर्चीत बसून पाहत होते. किती दिवस, म्हणून विचारलं. मी म्हटलं, चार. त्यावर हे ‘बरं’ म्हणाले. इतकं सरळ उत्तर चोवीस वर्षांत मिळालं नव्हतं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. दहा मिनिटांत मांडीवरची तंबाखूची डबी खाली पडली, ती उचलायला हे वाकले आणि तसेच राहिले, काटकोनात, तोंड फरशीकडे. त्याही अवस्थेत डबी हातातून सोडली नाही. मी आणि भगवंतरावांनी त्यांना तसंच वाकलेलं दिवाणापर्यंत नेलं आणि एका कुशीवर ठेवलं. डबीचं कारण मात्र घराबाहेर गेलेलं नाही. दुकानाच्या हमालांना शुक्रवारी कळलं की मालकांनी खताचं पोतं उचललं. शनिवारपर्यंत पोती दोन झाली. काल पानटपरीवर ऐकलं, की थप्पी एका हमालाच्या अंगावर कोसळत होती आणि ह्यांनी ती पाठीवर झेलली. हमाल कोणता, ते कुणाला माहीत नाही. बहुधा तोही अजून जन्माला यायचा आहे.

शुक्रवारी मेहकरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण आहेत, आमच्या थोरल्या सोहमपेक्षा जेमतेम पाचसहा वर्षांनी मोठे, पण पेशंटचं खोटं शांतपणे ऐकून घेण्याची त्यांची ताकद मोठ्या डॉक्टरची आहे. त्यांनी विचारलं, दिवसभराचं काम कसलं? हे म्हणाले, मेहनतीचं. (कृषी केंद्रात सकाळी दहाला खुर्चीत बसतात ते दीडला जेवायला उठतात आणि तीनला परत बसतात. खुर्चीच्या फोमला ह्यांच्या मापाचा खड्डा पडला आहे. पोती हमाल उचलतात, बाकी सगळं कॉम्प्युटर करतो, गिऱ्हाइकाशी हुज्जत तेवढी हे स्वतः घालतात.) व्यायाम? हे म्हणाले, चालतो की. (दुकान ते पानटपरी. मधे रस्ता आहे, तोही अरुंद.) झोपायला काय? हे म्हणाले, भारी गादी आहे. (होती. ह्यांनी अकरा वर्षं मध्यभागी झोपून तिचा पाळणा केला आहे.) मग डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केलं. हे एक हात टेबलावर टेकवून उभे राहिले, म्हणजे काट्याला फसवता येईल. डॉक्टर म्हणाले, पोट पुढे आलं की मणक्याला रात्रंदिवस पुढे ओढतं, पाठीचे स्नायू दमतात. हे म्हणाले, पोट आमच्यात खानदानी आहे. जणू काही शेतीसारखं वारसाहक्काने आलंय आणि सातबाऱ्यावर चढवायचं राहिलंय.

तंबाखूचं विचारलं तेव्हा हे ‘कधीमधी’ म्हणाले, आणि वरच्या खिशातली डबी सगळ्यांना दिसत होती. डॉक्टरांनी समजावलं, की दोन मणक्यांच्या मधे गादीसारखी चकती असते, तिला आधीच रक्त कमी पोचतं, आणि तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आणखी आखडतात, मग ती चकती लवकर सुकते. वाकायचं तर गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही, वजन अंगाशी धरून उचलायचं, उचलता उचलता वळायचं नाही, हेही सांगितलं. तू हे सगळं पस्तीस वर्षं बायांना सांगत आलीस. पण नर्सने सांगितलेलं फुकटचं आणि डॉक्टरांनी सांगितलेलंही ह्यांच्या बाबतीत फुकटच. मग त्यांनी महत्त्वाचं विचारलं, पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा, पायातली ताकद गेल्यासारखी, लघवीवर ताबा जाणं, ताप, वजन घटणं? यातलं काहीच नाही. म्हणजे भिण्यासारखं काही नाही, असं म्हणाले. ह्यांना ते आवडलं नाही. फोटो काढायची गरज नाही म्हणत असताना ह्यांनी हट्टाने काढायला लावला, कारण डोणगावात दाखवायला काही हवं. त्यात चोपन्नाव्या वर्षी असतं तेवढंच निघालं. आता ती काळी फिल्म खिडकीच्या गजाला लावली आहे आणि आलागेला तिच्यासमोर च्च-च्च करतो.

शेवटी डॉक्टर म्हणाले, मनाला काही ताण, काळजी? त्यानेही कंबर आखडते. ह्यांनी जरा विचार केला आणि त्या अख्ख्या तासातलं एकमेव खरं उत्तर दिलं.

“काळजी म्हंजे, आमची मंडळी गावाले चालली.”

डॉक्टर हसले. मी हसले नाही. मी ते तिथल्या तिथे मनात लिहून ठेवलं.

सल्ला असा मिळाला, की एखाद दोन दिवस आराम, मग उठून हळूहळू हिंडायचं, पडून राहिलं तर दुखणं वाढतं. ह्यांनी त्यातला ‘आराम’ हा शब्द घेतला आणि बाकीचं वाक्य डॉक्टरांना परत केलं. निघताना डॉक्टरांनी सहज मला विचारलं, ताई, तुमची कंबर दुखते का? मावशी, त्या माणसाने विचारलं म्हणून मी हिशेब लावून पाहिला. सकाळी नळ येतो तेव्हा कळश्या, मग झाडू-पोछा, कपडे, मग शाळेत दिवसभर उभं, आणि चौथीची बाकं इतकी बुटकी की प्रत्येक वही तपासायला कंबरेतून वाकायचं. दोन बाळंतपणं झाली, दोन्हींनंतर विसाव्या दिवशी मी चुलीपुढे होते. कंबर दुखण्याची जेवढी कारणं डॉक्टरांनी सांगितली त्यातली तंबाखू आणि आरामखुर्ची सोडून सगळी माझ्याकडे आहेत. पण घरात आडवं व्हायला दिवाण एकच आहे आणि तो गुरुवारपासून अडलेला आहे. मी डॉक्टरांना म्हटलं, माझी दुखत नाही. खोटं बोलण्यात मी ह्यांच्यापेक्षा फार चांगली नाही.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांच्या यादीत एक कारण राहिलं आहे, ते फक्त मला माहीत आहे. ते म्हणजे माझी बॅग. तू मोजून बघ. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला अविनाश न्यायला आला, त्या सकाळी ह्यांची कंबर लचकली. अविनाशच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी परतीच्या गाडीत बसले, का तर कंबर. तुझ्या मोतीबिंदूच्या वेळी येते म्हटलं, स्टूल माळ्याखाली ठेवलं, बॅगेला हात लागायच्या आधीच कंबर. मात्र शाळेच्या प्रशिक्षणासाठी मी बुलडाण्याला पाच दिवस गेले होते तेव्हा कंबर ठणठणीत होती, कारण तेव्हा माझी नणंद इथे राहायला आलेली होती आणि चहा वेळेवर मिळत होता. याला शाळेत आम्ही पुरावा म्हणतो. दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. दुखतं, चेहऱ्यावर दिसतं, घामही येतो. दुखतं खरंच, पण मुहूर्त बघून दुखतं.

आणि आईच्या वेळचं तुला माहीतच आहे. तू फोन केला होतास, शारदा, आज निघ. मी बॅग भरली आणि हे न्हाणीत वाकले ते वाकलेच. मी दोन दिवस थांबले. शेक दिला, तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा आईचं तोंड दिसलं, पण तिचं बोलणं संपलेलं होतं. त्या वेळी मी ह्यांना काही बोलले नाही, नंतरही बोलले नाही. आता नऊ वर्षांनी तुला लिहिते, की मला त्याचा राग आहे, मावशी, आणि तो गेलेला नाही. तू म्हणशील, मग जा ना सरळ निघून. तेच तर मला जमत नाही. नवरा आडवा टाकून भाचीचे लाड करायला गेली, असं भगवंतराव संध्याकाळपर्यंत मेहकरात पोचवतील, आणि मी शाळेतली बाई, मला ते ऐकून घ्यावं लागेल. चाळीस पोरांना रांगेत उभं करते आणि घरात एका माणसापुढे माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, याची मला स्वतःलाच लाज वाटते.

ह्यांची विचारपूस करायला रोज माणसं येतात. चहा मी करते. भगवंतरावांनी पहिल्या दिवशी वांग्याची भाजी बंद करायला लावली, वातूळ म्हणून. दुसऱ्या दिवशी टाइल्सच्या फरशीला दोष दिला, शेणाने सारवलेल्या जमिनीवर म्हणे कुणाची कंबर जात नव्हती. (त्यांच्या वडिलांची गेली होती, बारा वर्षं काठी घेऊन चालत होते, जमीन सारवलेलीच होती.) तिसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांचा फोटो उजेडात धरून पाहिला, चष्मा वर केला, खाली केला, आणि निकाल दिला, की हे डॉक्टरचं कामच नाही, याला पायाळू लागतो. तुला पायाळू म्हणजे काय हे सांगायला नको. डोक्याऐवजी पायाने बाहेर आलेली बाळं सुखरूप काढण्यात तुझी अर्धी नोकरी गेली, आणि मोठेपणी त्यांची लाथ कंबरेत बसली की चमक जाते असं तुझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. पण इथे डॉक्टरला एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही, पायाळूकडे मात्र पिढ्यान् पिढ्या जातो.

तर खामगावच्या अलीकडे-पलीकडे नाव असलेला पायाळू म्हणजे पिंपळगाव राजाचा कडूबा. नियम असा, की रविवारी जायचं, तोंड धुवायचं नाही, चूळ भरायची नाही, लाथ बसेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, उंबऱ्यावर पालथं व्हायचं आणि तीन लाथा घ्यायच्या. काल पहाटे जीप ठरवली. मागच्या सीटवर हे आडवे, पुढे मी, भगवंतराव आणि ड्रायव्हर. डॉक्टरांनी गाडीचे धक्के टाळायला सांगितले होते, म्हणून नव्वद किलोमीटर धक्के खात गेलो. हे नियमाप्रमाणे मुके होते. ते तीन तास माझ्या संसारातले फार चांगले गेले.

कडूबाच्या अंगणात आमच्याआधी दहाबारा जण आलेले, सगळे वाकडे, सगळे पारोसे, कुणी खांब धरून, कुणी बायकोचा खांदा धरून, आणि कुणीच बोलत नाही. इतकं शांत अंगण मी आयुष्यात पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने कडूबाची बायको अंबूबाई दारात आली आणि म्हणाली, “त्याहिले उठता येऊन नाही राह्यलं. परवा एका जाड्या माणसाले लात माराले गेले, अन् त्याहिचीच कंबर भरली.” सगळा मुका मेळा एकदम बोलायला लागला. भगवंतराव तर चिडले, हा काय प्रकार, माणसं लांबून येतात, बोर्ड तरी लावावा. ह्यांनी मला खुणेने आत पाठवलं (ह्यांचं मौन अजून चालूच होतं, न जाणो, एखादी उरलीसुरली लाथ मिळाली तर). मी आत गेले. कडूबा बाजेवर पडलेला, सत्तरीचा, साधा माणूस. मी विचारलं, पडल्या पडल्या हलकीशी मारता येईल का? तो बिचारा हात जोडून नाही म्हणाला. चाळीस वर्षं एका पायावर उभं राहून दुसऱ्याने लाथा मारल्या, तेही नेहमी एकाच अंगाने वळून, त्याने मणका झिजला, असं त्याला खामगावच्या डॉक्टरने सांगितलं होतं. उशाशी गोळ्या होत्या आणि भिंतीवर व्यायामाच्या चित्रांचा कागद चिकटवला होता. मी त्या कागदाकडे पाहिलं तसा तो हळूच म्हणाला, “मी तं गोळीच खातो, बाई. सोताची लात का सोताले मारता येते?”

पिंपळगाव राजापासून वरवट बकाल दीड तासावर आहे, मावशी. मी त्या अंगणात उभी राहून तुमच्या दिशेला पाहत होते. बॅग बरोबर असती तर, असा विचार मनात आला. पण बॅग डोणगावला आणि वाकडा माणूस जीपमध्ये. परत निघालो.

येताना ह्यांचं मौन सुटलं आणि तीन तासांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मेहकर जवळ आल्यावर मी विचारलं, कडूबाचं तर राहिलं, आता मी पुढच्या सोमवारी निघू ना? डबे करून ठेवते, संजीवनी चहा देईल. त्यावर हे मागच्या सीटवरून, छताकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाले, “मले पायाळूची लात बसल्याबिगर काई मी उठत नाही. अन् मी उठल्याबिगर तू जाशीन कशी?”

भगवंतरावांनी मान डोलावली. जणू काही न्यायाधीशांनी निकाल वाचून दाखवला.

तर आता पायाळूचा शोध चालू आहे, आणि तो येत्या रविवारपर्यंत सापडला पाहिजे, कारण लाथेचा वार रविवारच. भगवंतरावांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पायाळू पाहिजे, तातडीने’ असं टाकलं. एकाने लिहिलं, माझा मेहुणा आहे, पण तो सुरतला असतो. एकाने विचारलं, व्हिडिओवरून चालेल का? एका शेतकऱ्याने लिहिलं, की वासरं सगळी पुढचे पाय काढूनच बाहेर येतात, तेव्हा माझ्या गोठ्यात चार पायाळू गाई आहेत, भाऊंना घेऊन या, लाथेची हमी. ते वाचून मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले. मग हसू ओसरलं आणि ध्यानात आलं, की रविवार कोरडा गेला तर रेवतीची ती चुलतबहीण बाळाच्या कानाशी वाकणार आहे.

असो. तुला उगीच त्रास नको. माझं काही मागणं नाही, नुसतं मन मोकळं करायला लिहिलं. रेवतीला सांग, पाठीला उशी घेऊन बसत जा, बाळाला पाजताना पुढे वाकू नको. अविनाशला सांग, पाळण्याच्या दोऱ्या नव्या घे. तुझ्या गुडघ्याला जप. पोरं मैदानावरून परत यायला लागली, घंटा होतेच आहे. सर्वांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.

तुझी,
शारदा

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं, ते पान बदलायला आता वेळ नाही. मागणं आहे. मी जन्मले तेव्हा तिथे आई होती आणि तू होतीस. आई आता नाही. म्हणजे शारदा या जगात डोक्याने आली की पायाने, हे सांगू शकणारं माणूस आता एकच उरलं आहे, आणि ते नर्स आहे. तेव्हा शनिवारी संध्याकाळी तुझ्या जावयांना फोन कर. सांग, की भालचंद्रराव, इतकी वर्षं लपवलं, पण तुमचे हाल ऐकवत नाहीत म्हणून सांगते, आपली शारदा पायाळू आहे. आईने मुद्दाम कुणाला कळू दिलं नाही, कारण पायाळूवर वीज पडते म्हणून स्थळ मिळालं नसतं, आणि पोरीच्या दाराशी वाकड्या माणसांची रांग लागली असती. हे भगवंतरावांवर विश्वास ठेवतात, मग तुझ्यावर का नाही ठेवणार? फोन स्पीकरवर ठेवायला लाव, भगवंतराव तिथेच असतील.

ता. क. दुसरा. मी डोक्यानेच आले, हे मला माहीत आहे. डोकं आधी आलं म्हणून तोंड आधी चालतं, असं तूच मला हजारदा सुनावलं आहेस. खोटं बोलायचं पाप माझ्या नावावर घाल. आता पुढचं ऐक. झोपेत माझा पाय ह्यांना चुकून लागला तरी हे मला उठवून नमस्कार करायला लावतात. रविवारी सकाळी ह्याच पायाखाली, पारोशा तोंडाने, उंबऱ्यावर, भगवंतरावांच्या देखत, ह्यांना पालथं व्हावं लागेल. नाही म्हणायची सोय त्यांनी जीपमध्येच घालवली आहे. माझा अंदाज आहे की शनिवारी तुझा फोन ठेवल्या ठेवल्या हे उठून बसतील आणि हिंडायला लागतील, म्हणजे डॉक्टरांनी शुक्रवारी सांगितलेलं शेवटी ऐकतील. उठले तरी सोमवारची सकाळची मेहकर गाडी माझी, नाही उठले तरी तीन लाथांनंतर माझीच.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. बारसं झाल्यावर प्रेमापोटी खरं सांगून टाकू नकोस. पायाळू एकदा ठरलेलं माणूस जन्मभर पायाळूच राहतं, आणि मला अजून बरंच यायचं-जायचं आहे. लाथ मारताना आपल्या कंबरेला त्रास होऊ नये म्हणून कसं उभं राहावं, ते स्पीकर बंद करायला लावून फोनवर हळूच सांग. मला ती कंबर मंगळवारी धपाटे खायला लागणार आहे. आणि एक गोष्ट फक्त तुला सांगते, मावशी. हे शनिवारीच बरे झाले, तर मला थोडं वाईट वाटेल.